फुलझुडपाच्या सबस्पीशीजचं वर्गीकरण आणि नामांतर: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

एखादं देशी फुलझुडप असतं, त्याची डोंगरापलीकडची झाडं जरा वेगळी दिसतात, पान अरुंद, फळ मोठं, मग कोणीतरी म्हणतं ही वेगळी सबस्पीशीज आहे आणि लगेच नाव काय ठेवायचं यावर चर्चा सुरू होते. चूक इथेच होते. गट पाडणं आणि नाव देणं ही दोन वेगळी कामं आहेत. गट कसे पाडायचे ते तुम्ही पुरावे बघून ठरवता, पण गट एकदा ठरले की कुठल्या गटाला कुठलं नाव लागतं हे जवळजवळ सगळं नियम ठरवतात, तिथे तुमच्या आवडीला फार जागा नसते. ज्यांनी नाव आधी ठरवलं त्यांची हस्तलिखितं रिव्ह्यूमधून परत येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे छापून येतात आणि पुढची माणसं ती निस्तरत बसतात.

शब्दांचं आधीच सांगून ठेवतो. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कोणी स्पीशीजसाठी वापरतं, कोणी जीनससाठी, त्यामुळे मी सरळ जीनस (जवळच्या स्पीशीजचा गट), स्पीशीज, सबस्पीशीज (स्पीशीजच्या आतला उपगट) असंच लिहिणार आहे. 'कोड' म्हणजे शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नावांचा आंतरराष्ट्रीय कोड. साधारण दर सहा वर्षांनी बॉटनिकल काँग्रेसमध्ये त्यात दुरुस्त्या होतात, 2017 ची शेन्झेनला झाली आणि त्यानंतरची 2024 मध्ये माद्रिदला. जुन्या आवृत्तीवरून काम करत असाल तर आधी ती बदला.

उदाहरणं मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया आणि ड्रायांड्रा या झुडपांची घेतलीत, कारण नामांतरात जे जे होऊ शकतं ते बहुतेक सगळं त्यांच्या बाबतीत झालंय.

## तयारी: टेबलावर काय हवं

पहिल्यांदा नावांचा तक्ता करा. त्या स्पीशीजखाली आणि तिच्या आसपास आजवर छापलेलं प्रत्येक नाव त्यात आलं पाहिजे, मग ते आज कोणी वापरत नसलं तरी. रकाने सात: नाव, लेखक, कुठे छापलं, पान, वर्ष, रँक (स्पीशीज, सबस्पीशीज, व्हरायटी अशी पातळी), आणि टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्या नमुन्याला बांधलंय तो, कुठल्या हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) आहे. नावं शोधायला आयपीएनआय आणि ट्रॉपिकोस या ऑनलाइन नावसूची, ऑस्ट्रेलियातल्या झाडांसाठी तशीच एपीएनआय, आणि जुनी पुस्तकं पानासकट बघायला बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. आयपीएनआय फक्त सांगतं की हे नाव छापलं गेलंय, ते आज मान्य आहे की नाही हे सांगत नाही. मान्यतेबद्दलचं मत प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर मिळतं, आणि तेही मतच असतं, निकाल नाही. दुसरं म्हणजे जुन्या व्हरायटी आणि फॉर्म या रँकची नावं आयपीएनआयमध्ये बरीच सुटलेली आहेत, त्यामुळे 'सर्च केलं, काही आलं नाही' एवढ्यावर थांबू नका, त्या भागाची जुनी फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचं पुस्तक, उघडून पानं चाळा.

मग प्रत्येक नावाचं मूळ वर्णन, ज्याला प्रोटोलॉग म्हणतात, ते मिळवा आणि स्वतः वाचा. दुसऱ्याच्या पेपरमध्ये त्याचा सारांश वाचून चालत नाही, कारण सारांशात ठिकाण आणि नमुना नंबर गाळलेले असतात आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

तपासा: तक्त्यातला टाइपचा रकाना रिकामा असेल तर त्या नावासमोर लाल खूण करा. मोजमापं सुरू करायला हरकत नाही, पण नावाचा एकही निर्णय त्या रिकाम्या रकान्यावर घेऊ नका.

## पायरी 1: नमुने बघा, मोजा, आणि काय मोजताय ते लिहून ठेवा

एका ठिकाणची वीस झुडपं मोजण्यापेक्षा वीस ठिकाणची एकेक मोजलेली केव्हाही बरी. सबस्पीशीजचा प्रश्न हा पसाऱ्याचा प्रश्न असतो, ते झाड जिथे जिथे वाढतं त्या सगळ्या टापूत वेगळेपणा कसा बदलत जातो ते बघायचं असतं. दोन टोकांचे नमुने शेजारी ठेवले की कुठलंही झुडूप दोन वाटतं. मधल्या पट्ट्यातले नमुने नसतील तर तुम्हाला गट दिसत नाहीयेत, नकाशावरची रिकामी जागा दिसतेय.

हर्बेरियमच्या शीटवर (सुकवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावर) मोजताना पान पूर्ण वाढलेलं आहे का ते आधी बघा. झुडूप तोडल्यावर किंवा वणव्यानंतर बुंध्यातून जे कोंब फुटतात त्यांची पानं नेहमीपेक्षा मोठी, कधी वेगळ्याच कडांची असतात, आणि रस्त्याकडेचे नमुने गोळा करणाऱ्यांनी नेमक्या अशाच फांद्या हाताशी आल्या म्हणून तोडलेल्या असतात. शीटच्या लेबलवर तसं लिहिलेलं नसतं. फांदीवर फूल किंवा फळ असेल तरच पानाचं माप धरा, हा साधा नियम पाळला तरी अर्धी गडबड टळते.

सुकलेलं फूल तसंच मोजू नका. एकच फूल चिमट्याने अलगद काढा, छोट्या वाटीत गरम पाणी आणि डिश धुवायच्या साबणाचा एक थेंब घालून त्यात सोडा, थोड्या वेळाने ते मऊ पडून उलगडतं, मग भिंगाखाली पाकळीच्या आतले केस, स्टाइलची (अंडाशयावरच्या दांड्याची) लांबी, अंडाशयावरची लव सगळं स्पष्ट दिसतं. कडक फूल चिमट्याने उघडायला गेलात तर ते तुटतं, आणि तुटलेल्या स्टाइलचं माप कमी येतं, आणि ते कमी माप तुमच्या तक्त्यात वेगळी सबस्पीशीज म्हणून जाऊन बसतं. मोजून झालं की ते फूल फेकू नका, सुकवून कागदी पाकिटात घाला आणि पाकीट त्याच शीटला लावा. टाइप नमुन्यावर हा प्रयोग हर्बेरियमच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात करायचा नाही.

काही गोष्टी शीटवर कधीच दिसत नाहीत. झुडूप बुंध्याशी लाकडी गाठ धरतं आणि वणव्यानंतर परत फुटतं, की पूर्ण मरतं आणि बियांतून नव्याने येतं, हा बँक्सियासारख्या झुडपांत फार मोठा फरक असतो आणि तो फक्त जागेवर जाऊन कळतो. फुलाचा रंगही सुकताना उडतो. म्हणून जागेवर असतानाच उंची, फांद्यांची ठेवण, बुंधा, ताज्या फुलाचा रंग, वास, माती हे सगळं वहीत उतरवा.

सावधान: लागवडीतली झाडं वर्गीकरणाच्या मोजमापात मिसळू नका. पाणी आणि खत मिळालेलं झुडूप वेगळंच वाढतं, शिवाय बागेत शेजारच्या झाडाशी संकर झालेला असू शकतो.

## पायरी 2: गट खरे आहेत का

आता नावं पूर्ण विसरा. नमुन्यांना फक्त नंबर द्या आणि मापांवरून गट पडतात का बघा, आलेख काढा, ऑर्डिनेशन (सगळी मापं एकत्र धरून नमुने जवळ-दूर मांडायची पद्धत) करा, जे जमतं ते करा, पण नमुन्यावर आधी लिहिलेलं नाव बाजूला ठेवून. आधीच्या नावांनुसार रंग देऊन आलेख काढला की डोळ्यांना हवे तेच गट दिसतात.

एकाच लक्षणावर सबस्पीशीज उभी करू नका. पान दोन मिलिमीटर अरुंद आहे, बस, एवढंच असेल तर ते फरकाचं वर्णन झालं, गट नाही. निदान दोनतीन एकमेकांशी संबंध नसलेली लक्षणं सोबत बदलत असतील आणि ती विशिष्ट टापूत किंवा विशिष्ट जमिनीवरच सोबत दिसत असतील तर पुढे जायला अर्थ आहे.

डीएनए असेल तर उत्तम, पण त्याच्याकडून काय विचारताय ते स्पष्ट असू द्या. एकेका गटातून एकच नमुना घेऊन काढलेला वंशवृक्ष दोन फांद्या दाखवणारच, कुठलीही दोन झुडपं घेतली तरी दाखवील. क्लोरोप्लास्टचा डीएनए शेजारच्या स्पीशीजकडून संकरातून येऊन बसलेला असू शकतो, म्हणून केवळ त्यावर निकाल देऊ नये. डीएनए खरा उपयोगी पडतो तो मोठ्या प्रश्नाला. ड्रायांड्रा हा वेगळा जीनस समजला जायचा, पण डीएनएच्या अभ्यासात तो बँक्सियाच्या आतूनच फुटलेली एक फांदी निघाला, म्हणजे ड्रायांड्रा वेगळा ठेवला तर बँक्सिया अर्धवट उरतो. त्यावरून 2007 मध्ये ऑस्टिन मास्ट आणि केव्हिन थील यांनी सगळा ड्रायांड्रा बँक्सियात हलवला. आणि एकत्र झालेल्या जीनसचं नाव बँक्सियाच का, तर ते 1782 चं आहे आणि ड्रायांड्रा 1810 चं. कोणाला कुठलं आवडतं हा प्रश्नच आला नाही.

## पायरी 3: रँक ठरवा

स्पीशीज, सबस्पीशीज, व्हरायटी, सबव्हरायटी, फॉर्म अशी उतरंड आहे. कुठे कुठली रँक द्यायची हे कोड सांगत नाही, तो तुमचा शास्त्रीय निर्णय आहे, आणि म्हणूनच तो पेपरमध्ये शब्दांत मांडावा लागतो.

कामाला येणारा निकष असा. दोन गट एकाच डोंगरावर शेजारी वाढतात, फुलतात आणि तरीही मधले नमुने सापडत नाहीत, तर त्या दोन स्पीशीज समजायला जोर आहे. गट आपापल्या टापूत स्पष्ट आहेत पण टापू जिथे भिडतात तिथे मधली झाडं मिळतात, तर सबस्पीशीज. आणि फरक आहे पण तो कुठल्याच टापूला धरून नाही, एकाच वस्तीत दोन्ही तऱ्हा दिसतात, तर वेगळं नाव देऊच नका, वर्णनात एक ओळ पुरे.

बँक्सिया अक्विलोनिया या क्वीन्सलंडच्या उत्तर भागातल्या झाडाचा प्रवास बघा. अॅलेक्स जॉर्ज यांनी 1981 मध्ये ते बँक्सिया इंटेग्रिफोलियाची व्हरायटी म्हणून छापलं, 1994 मध्ये थील यांनी त्याला सबस्पीशीज केलं, आणि 1996 मध्ये जॉर्ज यांनीच स्पीशीज केलं. झाड तेच, टाइप तोच, शेवटचा शब्द तोच, बदलली ती रँक. स्पीशीज म्हणून त्या नावाची ज्येष्ठता 1996 पासून मोजतात, 1981 पासून नाही. ज्येष्ठता फक्त त्याच रँकच्या आत चालते हे पक्कं डोक्यात ठेवा, पायरी 5 पूर्ण यावर उभी आहे.

तपासा: तुमचा रँकचा निर्णय दोन वाक्यांत, कुठल्याही नावाशिवाय, लिहिता येतो का? 'पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची झुडपं अमुक तीन लक्षणांत वेगळी, मधल्या पट्ट्यात मिश्र' असं. लिहिता येत नसेल तर परत पायरी 2.

## पायरी 4: टाइप कुठल्या गटात पडतो

आता नावांचा तक्ता परत काढा. प्रत्येक नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं, तो नमुना म्हणजे टाइप. तुमच्या गटांपैकी ज्या गटात तो टाइप पडतो त्या गटाकडे ते नाव जातं. वर्णन कुठल्या गटाशी जास्त जुळतं, लोक आज ते नाव कुठल्या झाडाला वापरतात, फोटो कशाचा आहे, यातलं काहीही टाइपच्या वर नाही.

म्हणून टाइप स्वतः बघा, निदान चांगल्या रिझोल्यूशनचा स्कॅन, आणि पायरी 2 मधल्या लक्षणांनी तो ओळखा. स्कॅनवर केस दिसत नसतील तर त्या हर्बेरियमच्या क्युरेटरना पत्र लिहून भिंगाखालचा फोटो मागा, बहुतेक जण मदत करतात.

जुन्या लेखकांनी एकच होलोटाइप (लेखकाने स्वतः ठरवलेला एकमेव टाइप) न सांगता पाचसहा नमुने नमूद केलेले असतात, त्यांना सिनटाइप म्हणतात. त्यातले दोन पूर्वेच्या गटात आणि तीन पश्चिमेच्या गटात पडले तर नाव नेमकं कोणाचं? तेव्हा त्यातला एक लेक्टोटाइप म्हणून निवडावा लागतो. पण आधी शोधा की कोणी आधीच निवडलाय का, कारण नियमात बसणारी पहिली निवड पाळावी लागते, तुमच्या सोयीची नसली तरी. निवड तुम्हीच करत असाल तर 'लेक्टोटाइप' हा शब्द आणि हर्बेरियमचं नाव हवंच, आणि 2001 पासून 'इथे निवडला' या अर्थाचे शब्दही त्या ओळीत लागतात, म्हणजे इंग्रजी पेपरमध्ये 'डेझिग्नेटेड हिअर'. ते दोन शब्द विसरले म्हणून निवड वाया गेलीय असं बऱ्याचदा होतं.

सावधान: आयसोटाइप म्हणजे त्याच गोळा करण्यातला डुप्लिकेट. डुप्लिकेट शीटवर कधी चुकून दुसऱ्याच झाडाची फांदी चिकटलेली असते. होलोटाइप अस्तित्वात असेल तर निर्णय त्यावरूनच.

## पायरी 5: नियमांनी नाव काढा

इथे घाई नको, या क्रमाने चला.

त्या रँकवर, त्या गटात टाइप पडणारं सगळ्यात जुनं नियमशीर नाव तक्त्यात आहे का? असेल तर तेच नाव, विषय संपला. ते आहे हे माहीत असताना, त्याचा टाइप आपल्या गटात घेऊन, वर नवं नाव छापलं तर नवं नाव जन्मतःच नियमबाह्य ठरतं.

त्या रँकवर नाव नाही, पण दुसऱ्या रँकवर आहे, म्हणजे व्हरायटी आहे आणि तुम्हाला सबस्पीशीज करायचीय. नियमाने तुम्ही नवा शब्द घेऊ शकता, पण घेऊ नका. जुनाच शब्द वर आणा, वाचणाऱ्याला इतिहास लागतो आणि याद्या जुळतात. जुन्या नावाला बेसिओनिम म्हणतात.

आणायचा शब्द तिथे आधीच अडलेला आहे का? स्पेशल लक्ष द्या. एकाच स्पीशीजच्या आत एक सबस्पीशीज आणि एक व्हरायटी, टाइप वेगळे, पण शेवटचा शब्द एकच, हे चालत नाही, रँक वेगळी असली तरी नंतरचं नाव बाद. जीनस बदलताना तर हा अडथळा नेहमी येतो. ड्रायांड्रा स्पेसिओसा बँक्सियात हलवायचं होतं, पण बँक्सिया स्पेसिओसा नावाचं दुसरंच झुडूप आधीपासून होतं, म्हणून मास्ट आणि थील यांना बँक्सिया स्प्लेंडिडा हे बदली नाव द्यावं लागलं. तसंच ड्रायांड्रा प्रेमॉर्सा हे बँक्सिया उंडाटा झालं, कारण बँक्सिया प्रेमॉर्सा आधीच होतं.

सबस्पीशीजचं काय झालं तेही बघा, इथेच लोक गोंधळतात. जॉर्ज यांनी 1996 मध्ये ड्रायांड्रा स्पेसिओसा सबस्पीशीज मॅक्रोकार्पा छापली होती. तिचा शब्द बँक्सियात मोकळा होता, म्हणून ती बँक्सिया स्प्लेंडिडा सबस्पीशीज मॅक्रोकार्पा झाली, मॅक्रोकार्पा तसाच राहिला. स्पीशीजचं नाव बदललं म्हणून सबस्पीशीजचा शब्दही बदलायचा असं काही नाही, प्रत्येक रँकचा अडथळा स्वतंत्र बघायचा.

काहीच नाव सापडलं नाही तरच नवा शब्द. तो त्या जीनसमध्ये स्पीशीजसाठी आधी वापरलेला नसेल तर उत्तम. वापरलेला असला तरी नियम अडवत नाही, पण पुढे कोणाला सबस्पीशीज वर न्यायची झाली की त्याची अडचण होते.

## पायरी 6: ऑटोनिम, सगळ्यात जास्त चुका इथे

स्पीशीजखाली पहिली सबस्पीशीज छापली गेली की त्याच क्षणी दुसरी आपोआप तयार होते, तिचा शेवटचा शब्द स्पीशीजचाच असतो, या आपोआप आलेल्या नावाला ऑटोनिम म्हणतात. बँक्सिया स्प्लेंडिडाखाली मॅक्रोकार्पा आली, म्हणून बँक्सिया स्प्लेंडिडा सबस्पीशीज स्प्लेंडिडा झाली. तिला वेगळं वर्णन लागत नाही, वेगळा टाइप लागत नाही, आणि शेवटच्या शब्दाला लेखक नसतो. लेखक लिहायचेच असतील तर ते स्पीशीजच्या शब्दानंतर येतात, असे: बँक्सिया स्प्लेंडिडा ए.आर.मास्ट आणि के.आर.थील सबस्पीशीज स्प्लेंडिडा.

ऑटोनिम म्हणजे 'मूळ', 'खरी' किंवा 'नेहमीची' सबस्पीशीज असं काहीही नाही. ऑटोनिम म्हणजे फक्त तो गट, ज्यात स्पीशीजचा टाइप पडतो. टाइप जर शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी एका कोपऱ्यातल्या खडकाळ टेकडीवरून आणला असेल आणि बाकी सगळा प्रदेश दुसऱ्या गटाचा असेल, तर ऑटोनिम त्या टेकडीवरच्या मूठभर झुडपांकडे जातं आणि सगळीकडे दिसणाऱ्या झाडाला दुसरं नाव लागतं. हे मनाला पटत नाही म्हणून लोक नकळत उलटं करतात, जास्त दिसणाऱ्याला ऑटोनिम देऊन टाकतात आणि दुर्मिळ गटाला नवं नाव. नेमकं पायरी 4 सोडलं की हे होतं.

दुसरी चूक नोंदींमध्ये. स्पीशीज दोन सबस्पीशीजमध्ये विभागली की जुन्या सगळ्या नोंदी, ज्यांवर नुसतं स्पीशीजचं नाव आहे, त्या ऑटोनिमखाली ढकलू नका. नुसतं स्पीशीजचं नाव म्हणजे 'सबस्पीशीज बघितली नाही' एवढाच अर्थ होतो. शीट परत बघा, मगच हलवा. एका एक्सेल शीटमध्ये फाइंड-रिप्लेस करून शेकडो नोंदी चुकीच्या सबस्पीशीजला लावलेल्या मी बघितल्यात, आणि नंतर खरी कुठली हे परत काढता येत नाही कारण मूळ रकाना कोणी ठेवलेलाच नसतो.

## पायरी 7: शेवटचं अक्षर आणि कंसातलं नाव

शेवटचा शब्द विशेषण असेल तर तो जीनसच्या नावाच्या लॅटिन व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे बदलतो. धायटीचं लिथ्रम फ्रुटिकोसम वुडफोर्डियात आलं तेव्हा फ्रुटिकोसा झालं. कॅलिस्टेमॉन सिट्रिनस मेलल्युकात गेलं की सिट्रिना. रोडोडेंड्रॉन नपुंसकलिंगी, म्हणून रोडोडेंड्रॉन आर्बोरियम सबस्पीशीज निलागिरिकम, 'निलागिरिका' नाही. कारवीच्या स्ट्रोबिलँथिसमध्येही तेच, 'अँथिस' असा शेवट असलेली नावं कोड स्त्रीलिंगी धरतो, म्हणून कॅलोसा, 'कॅलोसस' नाही. पण माणसाच्या नावावरून षष्ठीत केलेला शब्द जीनसप्रमाणे बदलत नाही.

मूळ स्पेलिंग 'सुधारू' नका. निलागिरिकमचं 'निल्गिरिकम' करायचा मोह होतो, पण लेखकाने जसं छापलं तसं, हाच नियम, अपवाद कोडमध्ये दिलेत तेवढेच.

कंसाचं सोपं आहे. शब्द कोणी पहिल्यांदा दिला तो कंसात, आत्ताच्या जागी कोणी आणला तो कंसाबाहेर. रोडोडेंड्रॉन आर्बोरियम सबस्पीशीज निलागिरिकम (झेंकर) टॅग: झेंकर यांनी ती स्पीशीज म्हणून दिली होती, टॅग यांनी सबस्पीशीज केली. बँक्सिया स्प्लेंडिडा सबस्पीशीज मॅक्रोकार्पाला (ए.एस.जॉर्ज) असा कंस आहे, पण खुद्द बँक्सिया स्प्लेंडिडाला कंस नाही, कारण ते बदली नाव आहे, जुना शब्द पुढे आलेलाच नाही. आणि बँक्सिया अक्विलोनिया (ए.एस.जॉर्ज) ए.एस.जॉर्ज यात एकच माणूस दोनदा आलाय ते टायपो नाही, एडिट करताना एक उडवू नका.

तपासा: वनस्पतींत 'सबस्पीशीज' हा रँकचा शब्द नावात लिहावाच लागतो. प्राण्यांसारखे नुसते तीन शब्द ओळीने लिहून चालत नाही.

## पायरी 8: नाव नियमाने छापणं

हर्बेरियमच्या लेबलवर, पोस्टरवर, वेबसाइटवर, फोटोखाली लिहिलेलं नाव म्हणजे छापलेलं नाव नाही. छापील जर्नल किंवा पुस्तक जे लायब्ऱ्यांपर्यंत पोचतं, किंवा 2012 पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेली ऑनलाइन पीडीएफ, हेच चालतं. थीसिसमध्ये नाव टाकून ठेवू नका, ते सहसा धरलं जात नाही आणि तोपर्यंत लोक ते वापरायला लागतात.

नवी सबस्पीशीज असेल तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन किंवा निदान फरक सांगणारी ओळ, होलोटाइप, तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय ते, आणि रँक, हे सगळं हवं. मराठीत कितीही सुंदर वर्णन असलं तरी तेवढ्याने नाव नियमशीर होत नाही, सोबत इंग्रजी किंवा लॅटिन लागतं.

जुनं नाव हलवत असाल तर वर्णन परत नको, पण बेसिओनिमचा पूर्ण पत्ता हवा: लेखक, प्रकाशन, पान, वर्ष. 1953 पासून ही अट आहे. पान लिहा म्हणजे ज्या पानावर नाव आलंय तेच पान, अख्ख्या लेखाची पानं नाहीत. नावापुढे काय केलं ते लिहा: जागा बदलली तर 'कॉम्ब. नोव्ह.', रँक बदलली तर 'स्टॅट. नोव्ह.', बदली नाव तर 'नॉम. नोव्ह.', पूर्ण नवी तर 'सबस्प. नोव्ह.'.

सावधान: 'ही कदाचित वेगळी सबस्पीशीज मानता येईल, तसं झाल्यास नाव अमुक' असं लिहू नका. लेखकाने स्वतः न स्वीकारलेलं नाव नियमशीर होत नाही. खात्री असेल तर ठामपणे लिहा, नसेल तर नावच छापू नका, नुसता नमुना नंबर देऊन चर्चा करा.

## पायरी 9: छापल्यानंतर

नमुन्यांवर नव्या नावाची चिठ्ठी लावा, तिच्यावर तुमचं नाव आणि तारीख टाका. जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्यावर चिकटवायचं नाही, शेजारी लावायची. पेपरची प्रत आयपीएनआय आणि त्या देशाच्या नावसूचीकडे पाठवा, झाडांच्या नावांना सक्तीची नोंदणी नसल्यामुळे पाठवलं नाही तर नाव बराच काळ कुठेच दिसत नाही.

कायद्यातल्या याद्या आपोआप बदलत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या 1999 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात 'स्पीशीज' या शब्दात सबस्पीशीजही येते, म्हणजे धोक्यातली सबस्पीशीज स्वतंत्रपणे यादीत असू शकते, पण तिथलं नाव बदलायला वेगळी प्रक्रिया लागते. ती होईपर्यंत परवाने, अहवाल, बियांच्या पाकिटांवरची लेबलं या सगळ्यांवर नवं नाव आणि त्याखाली जुनं नाव असं दोन्ही लिहा. नुसतं नवं लिहिलंत तर यादीत शोधणाऱ्याला ते झुडूप संरक्षित नाही असं वाटू शकतं.

आणि डेटाबेसमध्ये जुन्या नावाचा रकाना कायमचा ठेवा, 'नोंदीवर मूळ लिहिलेलं नाव' म्हणून, त्याला हात लावायची परवानगी कोणालाच देऊ नका.